मैदानातला सत्संग: रॉक बँडच्या चाहत्याची निष्ठा आणि तिची कसोटी

एखाद्या रॉक बँडचा कार्यक्रम जिथे होईल तिथे पोहोचणारा, त्यासाठी रजा, पैसा आणि झोप खर्ची घालणारा, पाठ झालेली गाणी पुन्हा ऐकण्यासाठी रात्रभर प्रवास करणारा चाहता जे करतो त्याला उपासना म्हणावे काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु भक्ती कशाला म्हणावे, ती कोणाविषयी असू शकते आणि तिची परीक्षा कोठे होते, या जुन्या प्रश्नांची नव्या परिस्थितीत फेरतपासणी करण्याची संधी तो देतो. त्याची दोन उत्तरे सहज दिली जातात. ज्यांच्या जीवनातून देव हरपला त्यांनी रंगमंचावर नवे देव बसवले, असे एक उत्तर आहे. ही निव्वळ करमणूक असून तिच्यात अध्यात्म शोधणे हा शब्दांचा अपव्यय आहे, असे दुसरे. पहिल्या उत्तरात धर्माची व्याख्या इतकी सैल होते की क्रिकेट, सिनेमा आणि राजकीय सभा हे सगळेच तिच्यात मावते, तर दुसऱ्यात त्या माणसाचा अनुभव ऐकून घेण्यापूर्वीच फेटाळला जातो. बंगळूर शहरात गेल्या पाव शतकात जे घडले ते समोर ठेवले असता या दोहोंपेक्षा वेगळे उत्तर संभवते: या चाहत्याच्या निष्ठेचे मर्म त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या संगतीत आहे, त्यामुळे तिची तुलना मूर्तिपूजेपेक्षा सत्संगाशी, म्हणजे एकाच ध्यासाने जमलेल्यांच्या परस्परसंगतीशी, करावी लागते आणि तिचे गुणदोषही सत्संगाच्याच कसोटीवर ठरतात.

बंगळूरला भारताची रॉक राजधानी म्हटले जाते आणि त्यामागे इतिहासाचे काही धागे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वसलेली इंग्रजांची लष्करी छावणी, तिच्याबरोबर आलेली चर्चमधली समूहगायने आणि लष्करी वाद्यवृंद, स्वातंत्र्यानंतरच्या सार्वजनिक उद्योगांमुळे व संशोधनसंस्थांमुळे देशभरातून आलेला इंग्रजी जाणणारा मध्यमवर्ग आणि नव्वदच्या दशकानंतर संगणक व्यवसायामुळे आलेले लाखो तरुण, अशा थरांवर हे संगीत येथे रुजले. १९९६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या 'फ्रीडम जॅम'ने स्थानिक बँडना खुले व्यासपीठ दिले. त्याच वर्षी 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा बँड आणि १९९८ मध्ये 'क्रिप्टोस' हा मेटल बँड उभा राहिला. मेटल म्हणजे विद्युत गिटारचे घनदाट, जड स्वर आणि अतिशय वेगवान ढोलवादन यांवर उभी असलेली रॉकची शाखा. मोठ्या कार्यक्रमांना जागा मिळाली ती म्हैसूरच्या राजघराण्याच्या राजवाड्याभोवतालच्या पॅलेस ग्राउंड्सवर. ज्या जमिनीच्या मालकीचा वाद राजघराणे आणि राज्यशासन यांच्यात वर्षानुवर्षे चालू आहे, त्याच जमिनीवर २००२ मध्ये रॉजर वॉटर्स, २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स, २००७ मध्ये एअरोस्मिथ आणि २००८ मध्ये मेगाडेथ यांचे कार्यक्रम झाले.

या सर्वांत चाहत्यांच्या दृष्टीने युगप्रवर्तक ठरला तो १७ मार्च २००७ चा आयर्न मेडनचा कार्यक्रम. १९७५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या या बँडच्या ध्वनिफिती भारतात दोन दशके हातोहात फिरत होत्या, त्यांची गाणी कॉलेजांतले बँड वाजवत होते, पण त्यांना प्रत्यक्ष ऐकण्याची शक्यता कोणी गृहीत धरली नव्हती. म्हणून त्या संध्याकाळी पॅलेस ग्राउंड्सवर केवळ बंगळूरचे नव्हे तर मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता आणि ईशान्य भारतातले श्रोते जमले. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी २००८ रोजी त्याच बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून केला आणि १५ फेब्रुवारी २००९ रोजी तो पुन्हा बंगळूरला आला. एका बँडच्या मागे गावोगाव जाण्याची जी रीत अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांनी सत्तरच्या दशकापासून घालून दिली होती, ती या तीन वर्षांत भारतीय श्रोत्यालाही आपल्या आवाक्यात घेता आली. मुंबईच्या मराठी तरुणांना अशा एकत्र येण्याची चव 'इंडिपेंडन्स रॉक'मुळे १९८६ पासूनच लागली होती. धोबीतलावच्या रंगभवनात वाढलेल्या त्या पिढीला बंगळूरची वाट परकी वाटली नाही.

या शहराला उघड्यावर, मांडवाखाली, हजारोंच्या संगतीत संगीत ऐकण्याची सवय रॉकने लावली, असे मात्र समजू नये. चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून चालत आला आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील त्याच्या मांडवात एम. एस. सुब्बलक्ष्मींसारख्या गायिकांना ऐकायला लोटलेल्या गर्दीने या नगरीचा कान घडवला. तेथे गायली जाणारी पुरंदरदासांसारख्या हरिदासांची पदे विठ्ठलाच्या नाममुद्रेने संपतात, म्हणजे पंढरपूरची वाट बंगळूरच्या संगीतसंस्कृतीतून पूर्वीपासूनच जाते. त्या उत्सवात उपासना आणि मैफल यांची सीमारेषा आखून दाखवणे अवघड आहे. रामाच्या निमित्ताने गाणे ऐकायला आलेला आणि गाण्याच्या निमित्ताने रामापाशी आलेला, असे दोन्ही श्रोते एकाच सतरंजीवर बसलेले असतात आणि त्यांना वेगळे काढण्याची गरज आजवर कोणाला भासलेली नाही. रॉकच्या चाहत्याविषयीचा प्रश्न या पार्श्वभूमीवर विचारला की त्यातला परकेपणा बराचसा निघून जातो.

आता मूळ अडचणीकडे वळता येईल. ध्वनिमुद्रण इतके निर्दोष झालेले असताना प्रत्यक्ष कार्यक्रमाची ओढ का टिकते? जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन याने १९३० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, यंत्राने कलाकृतीच्या अगणित प्रती निघू लागल्या की मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय, म्हणजे ती एका विशिष्ट जागी व काळी असण्यातून येणारे तिचे अनन्यत्व, क्षीण होते. संगीताच्या बाबतीत मात्र उलटही घडले. प्रती जितक्या पसरल्या तितकी मूळ उपस्थितीची तहान वाढली. ही तहान समजून घ्यायला भारतीय वाचकाजवळ दर्शनाची संकल्पना तयार आहे. दर्शन म्हणजे देवतेला पाहणे आणि तिच्या दृष्टीस पडणे. या दुहेरी व्यवहारासाठीच भक्त मैलोगणती चालतो. दक्षिणेतील मंदिरांत गाभाऱ्यातील अचल मूलमूर्ती आणि मिरवणुकीत बाहेर पडणारी उत्सवमूर्ती असा भेद केला जातो. गाभाऱ्यापर्यंत ज्याला पोहोचता येत नाही त्याच्या दारावरून देव स्वतः जातो, हा उत्सवमूर्तीचा आशय. जगभर फिरणारा बँड आणि आयर्न मेडनच्या प्रत्येक कार्यक्रमात रंगमंचावर अवतरणारी एडी नावाची अवाढव्य, भीषण आकृती यांत उत्सवमूर्तीची छाया दिसणे स्वाभाविक आहे.

तरीही दर्शनाची संकल्पना येथे पुरती लागू पडत नाही. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या श्रोत्याला रंगमंचावरची माणसे बोटाच्या पेराएवढी दिसतात, त्यांचे चेहरे तो दोन्ही बाजूंच्या मोठ्या पडद्यांवर पाहतो, म्हणजे घरी जे पाहिले असते तेच पुन्हा पाहतो; आणि गायकाच्या दृष्टीला तो एकटा असा कधीच पडत नाही. दर्शनाचे दोन्ही अर्धे असे अपुरे राहूनही तो तृप्त होऊन परततो, याचा अर्थ त्याला जे मिळाले ते दुसरेच काही असले पाहिजे. ते काय असावे याचा पुरावा आयर्न मेडनच्याच एका गाण्यात सापडतो. 'फिअर ऑफ द डार्क' हे गाणे १९९२ च्या ध्वनिमुद्रिकेत आहे. त्यातील गिटारची शब्दहीन सुरावट प्रत्यक्ष कार्यक्रमात श्रोतेच एका आवाजात गातात आणि आज त्या गाण्याची ओळख या समूहस्वराशिवाय पुरी होत नाही. स्टुडिओतल्या मूळ मुद्रणात हा स्वर नाही, तो मैदानात श्रोत्यांच्याच गळ्यातून निर्माण होतो, म्हणजे चाहता जे ऐकायला येतो त्याचा एक भाग तो स्वतःच आणत असतो. पुढे काय येणार हे ठाऊक असणे हा या अनुभवातला दोष ठरत नाही, उलट ती त्याची पूर्वअट ठरते. वारकरी कीर्तनात अभंग सर्वांना पाठ असतो; कीर्तनकार थांबतो, टाळकरी ध्रुवपद उचलतात आणि समाज ते हाती घेतो, तेव्हा नवे कळण्याचा आनंद गौण होऊन मिळून म्हणण्याचा आनंद प्रधान होतो.

या मिळून होण्याचे सर्वांत सूक्ष्म तात्त्विक विवेचन दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मिरात अभिनवगुप्ताने केले आहे. त्याच्या आधी भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली होती: नाट्य पाहताना प्रेक्षकाचा भाव त्याच्या खासगी सुखदुःखापासून सुटतो, तो कोणा एकाचा न राहता सर्वसाधारण होतो आणि म्हणूनच आस्वाद्य होतो, हा आस्वाद ब्रह्मानंदाच्या जातीचा असला तरी ब्रह्मानंद नव्हे, ही मर्यादाही त्या परंपरेने राखली. अभिनवगुप्त 'तंत्रालोक' या ग्रंथात आणखी पुढे जातो. त्याच्या मते प्रत्येकाची चेतना मुळात व्यापकच असते, देहभेदामुळे ती आक्रसते. गायन किंवा नृत्य पाहायला जमलेले अनेकजण जेव्हा एकाच वेळी तन्मय होतात तेव्हा एकाची चेतना दुसऱ्याच्या चेतनेत प्रतिबिंबित होते, आक्रसलेपण सुटते आणि प्रत्येकाचा आनंद एकट्याने घेतलेल्या आनंदाहून वेगळ्या प्रतीचा होतो. त्या मेळाव्यात तन्मय न होणारा कोणी असेल तर तो उंचवट्याप्रमाणे खुपतो, असेही तो बजावतो. मैदानात एका जागी निश्चल उभे राहून सारा वेळ दूरध्वनीच्या पडद्यावर चित्रण करणाऱ्याविषयी जुन्या चाहत्यांना वाटणारी नाराजी ही केवळ नव्या पिढीविषयीची कुरकुर नसून तिला असा तात्त्विक आधार आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पाश्चात्त्य समाजशास्त्राने हीच गोष्ट बाहेरून पाहिली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम याने १९१२ मध्ये सामूहिक उचंबळाची कल्पना मांडली: माणसे एकत्र जमून एका लयीत हालू लागली की प्रत्येकाला आपल्याहून मोठी शक्ती जाणवते, ती शक्ती वस्तुतः त्या समूहाचीच असते, आणि तिलाच पुढे देव हे नाव मिळते. उचंबळ कशी निर्माण होते हे या उपपत्तीने समजते; ती चांगली की वाईट हे मात्र तिला सांगता येत नाही, कारण दंगलीतला जमावही असाच उचंबळलेला असतो. म्हणून व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाची संकल्पना अधिक उपयोगी पडते. यात्रेकरू नेहमीच्या सामाजिक स्थानातून बाहेर पडतो, नव्या स्थानात अजून शिरलेला नसतो, आणि या उंबरठ्यावरच्या अवस्थेत त्याच्यात व इतर यात्रेकरूंत पदभेदरहित असे एक बंधुत्व उमलते. या बंधुत्वाला टर्नरने कम्युनिटास असे नाव दिले. मराठी वाचकाला विशेष जिव्हाळ्याची गोष्ट अशी की, यात्रांविषयीच्या त्याच्या मांडणीला पंढरीच्या वारीचा आणि इरावती कर्व्यांच्या लेखनाचा आधार आहे. 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहातील कर्व्यांचा वारीवरील लेख १९६२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि टर्नरने १९७४ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली.

कर्व्यांनी बंधुत्वाचे केवळ गुणगान केले असते तर तो लेख इतका टिकला नसता. एकाच दिंडीत, एकाच टाळावर अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे वारकरी जेवायला मात्र वेगळे बसतात, हे पाहून त्यांना झालेला क्लेश त्यांनी लपवला नाही. गाण्यात मिळालेले मन पंगतीत का फाटते, हा त्यांचा प्रश्न आजही उभा आहे. नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्तांमध्ये जाती, विद्या, रूप, कुल, धन आणि क्रिया यांचा भेद नसतो असे सांगितले आहे. हे वर्णन मानावे की आदेश, याचे उत्तर कर्व्यांच्या अनुभवातून मिळते: तो आदेश आहे, आणि तो पाळला गेला की नाही हे प्रत्येक वारीत नव्याने पाहावे लागते. बंगळूरच्या मैदानावर जातीची पंगत बसत नाही हे खरे, परंतु तेथे तिकिटाच्या दरानुसार आखलेली कुंपणे असतात. पुढे महागड्या तिकिटांचा विभाग, मागे स्वस्त तिकिटांचा, आणि भिंतीबाहेर रस्त्यावर उभे राहून नुसते ऐकणारे. इंग्रजी येणे ही आणखी एक अदृश्य भिंत. आणि सर्वांत कठीण प्रश्न असा की, या गर्दीत एखाद्या तरुणीला पहाऱ्याविना, निर्धास्तपणे, शेवटच्या गाण्यापर्यंत उभे राहता येते काय. ज्या मैदानात याचे उत्तर नकारार्थी येईल तेथे बंधुत्वाची भाषा वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

असे असूनही, या परंपरेने स्वतःचा म्हणता येईल असा एक आचार घडवला आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मेटलच्या कार्यक्रमात रंगमंचासमोर श्रोते आपोआप एक रिंगण मोकळे करतात आणि त्यात एकमेकांवर आदळत, धडका देत फिरतात. याला मॉश पिट म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते. परंतु कोणी खाली पडला की भोवतीच्यांनी हात देऊन त्याला तत्क्षणी उभे करायचे, कोणाचा चष्मा किंवा बूट सापडला तर तो उंच धरून मालकाची वाट पाहायची, आणि बाहेर पडू इच्छिणाऱ्याला वाट द्यायची, हे तेथील अलिखित नियम जगभर जवळपास सारखेच सांगितले जातात आणि नवख्याला ते शेजारीच शिकवतात. वारीत एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, तोही उलट याच्या पाया पडतो, आणि कोण थोर, कोण लहान हा प्रश्न त्या वाकण्यातच विरतो. उपास्य समोर असताना उपासकांनी परस्परांकडे वळणे हीच सत्संगाची खूण आहे. मॉश पिटमधला हात ही तिची खडबडीत पण अस्सल आवृत्ती मानायला हरकत नाही; ज्याला उचलायचे त्याचे नाव, गाव, जात उचलणाऱ्याला ठाऊक नसते आणि नंतरही कळत नाही.

तथापि सद्भाव पुरेसा नसतो, हे अनेक घटनांनी दाखवून दिले आहे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ गुडगाव येथे मेटॅलिका या बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम व्हायचा होता. रंगमंचासमोरचा कठडा गर्दीच्या रेट्याने मोडला, कार्यक्रम झाला नाही आणि संतप्त जमावाने साहित्याची मोडतोड केली. दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तोच बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर पावसाने चिखल झालेल्या मैदानात वाजला आणि तेथील कार्यक्रम पार पडला. संगीत तेच होते, चाहतेही त्याच वयाचे आणि त्याच घडणीचे होते. तेव्हा या संगीतातच हिंसा आहे असे म्हणणाऱ्यांना या दोन तारखांचा खुलासा द्यावा लागेल. १९७९ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे 'द हू' या बँडच्या कार्यक्रमापूर्वी दारांपाशी चेंगरून अकरा जण गेले. २००० मध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजत असताना नऊ जण गेले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत अकरा जणांचा मृत्यू झाला. मृतांच्या निष्ठेत काही उणे नव्हते. उणी होती ती दारे, वाटा, सूचना आणि जबाबदार माणसे.

वारी या बाबतीत काय शिकवते ते पाहण्यासारखे आहे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्तीचे रूप दिले. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत, प्रत्येक दिंडीला आपली जागा आहे, आणि मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की हजारो टाळमृदंग क्षणात थांबतात. परमानंदाला मर्यादा घातल्याने त्याचा भंग होतो ही समजूत येथे खोटी ठरते. मर्यादा असते म्हणूनच लाखोंना त्या आनंदात सुखरूप राहता येते. रॉकच्या जगात चोपदार नाही, पैसे देऊन नेमलेले सुरक्षारक्षक आहेत, आणि त्यांचे गर्दीशी नाते बहुधा संशयाचे असते. गर्दीतूनच, गर्दीने मानलेले, असे चोपदार तयार होणे ही या परंपरेच्या प्रौढत्वाची पुढची पायरी ठरेल.

सत्संगाच्या कसोटीवर एक आक्षेप फार जड आहे आणि तो पैशाचा आहे. तुकोबांनी आपल्या अभंगांतून कीर्तनाचा मोबदला घेणाऱ्याची आणि देणाऱ्याचीही कठोर निर्भर्त्सना केली. जे गायचे ते विकायचे नाही, हा वारकरी आदर्श आहे. तिकीट, पुरस्कर्ते, मद्याच्या जाहिराती आणि नाव छापलेले सदरे यांवर उभा असलेला कार्यक्रम या आदर्शापुढे टिकत नाही, हे मान्य करावेच लागते. पण चाहत्यांच्या बाजूने या व्यवहाराला छेद देणारी एक रीतही निर्माण झाली. ग्रेटफुल डेडने आपल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्यास श्रोत्यांना मुभा दिली, १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागाही राखली, आणि त्या फिती विकायच्या नाहीत, केवळ एकमेकांना द्यायच्या, हा दंडक चाहत्यांनी स्वतःच सांभाळला. भारतात ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी दुर्मीळ फितींच्या प्रती मित्रांना करून दिल्या त्यांनीही, कायद्याच्या नजरेत ते काहीही असो, हाच दानधर्म पाळला. देवाणघेवाणीत नफा शिरू न देणे हे लहानसे का होईना, व्रत आहे.

दुसरा आक्षेप उपास्याच्या मर्त्यपणाचा. गायक म्हातारा होतो, त्याचा आवाज जातो, कधी त्याच्या वागण्याने चाहत्याची मान खाली जाते, आणि अखेर तो मरतो. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरण चळवळीने स्थावर आणि जंगम असा भेद केला: दगडी, उभे केलेले ते स्थावर आणि चालते-बोलते, देहधारी ते जंगम, आणि श्रद्धेचे पारडे तिने जंगमाकडे झुकवले. प्रत्यक्ष कार्यक्रम हा संगीताचा जंगम अवतार आहे आणि नश्वरता ही त्याची किंमत आहे. १९९५ मध्ये ग्रेटफुल डेडचा गायक-गिटारवादक जेरी गार्सिया वारला आणि तो बँड संपला, तरी त्याचे चाहते पांगले नाहीत. उरलेल्या वादकांभोवती, तीच गाणी वाजवणाऱ्या इतर बँडभोवती ते जमत राहिले. व्यक्तिपूजा असती तर ती व्यक्तीबरोबर संपायला हवी होती. देव गेल्यावरही दिंडी चालत राहिली, या एका गोष्टीने या निष्ठेचे मर्म कोठे आहे याचा निर्णायक पुरावा पुरवला आहे.

गाण्याने हेलावणे आणि गाण्यात जे सांगितले आहे त्याने हेलावणे यांतला फरक मात्र पुसून चालणार नाही. चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात कबुली दिली आहे की, स्तोत्राच्या आशयापेक्षा सुरानेच तो अधिक विरघळतो तेव्हा त्याला अपराधी वाटते. अकराव्या शतकातील इस्लामी विचारवंत अल-गझाली याने समा, म्हणजे सूफींची संगीतश्रवणाची साधना, हिच्याविषयी असा निवाडा दिला की, संगीत हृदयात नवे काही घालत नाही, आधीच जे आहे त्याला चेतवते. बंगळूरच्या स्वतःच्या बँडनी हा प्रश्न अगदी जवळ आणून ठेवला आहे. रघु दीक्षित एकोणिसाव्या शतकातील संत शिशुनाळ शरीफ यांची कन्नड तत्त्वपदे गिटारच्या साथीने गातो, 'अगम' हा बँड त्यागराजांच्या कृती रॉकच्या वाद्यमेळात मांडतो, आणि देहाच्या नश्वरतेवरचे पद हजारो तरुण उड्या मारत म्हणतात. त्यांच्यात वैराग्य उपजते असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण जे पद पाठ झाले ते आयुष्यात कधीतरी अर्थासह उभे राहण्याची शक्यता तरी निर्माण होते, आणि श्रवणाला नवविधा भक्तीत पहिले स्थान दिले गेले ते याच शक्यतेच्या भरवशावर.

रसास्वाद घेऊन उठलेला प्रेक्षक बदलला पाहिजे अशी अपेक्षा रसशास्त्र करत नाही, भक्ती करते. वारकरी गळ्यात माळ घालतो तेव्हा तो एकादशी, आहार, वाणी आणि दरवर्षीची वारी यांचे बंधन पत्करतो, आणि हे बंधन मैदानाबाहेर, एरवीच्या दिवसांत, कोणी पाहत नसताना लागू असते. रॉकच्या चाहत्याकडे असे बंधन नाही. म्हणून त्याच्या निष्ठेला धर्म म्हणता येणार नाही. ती सत्संगापर्यंत पोहोचलेली, व्रतापर्यंत न पोहोचलेली निष्ठा आहे. हा निवाडा तिला कमी लेखण्यासाठी नाही, कारण सत्संग ही परंपरेनेही दुर्लभ मानलेली गोष्ट आहे आणि माणसे शेजाऱ्याचे नावही न विचारता राहतात अशा महानगरात ती अधिकच दुर्लभ झाली आहे.

या निवाड्याला खोलवरच्या नोंदींचा आधार हवा, आणि त्या करण्याची वेळ हीच आहे. २००७ मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर विशीत असलेली पिढी आता चाळिशीत आहे. तिच्यात मुंबई-पुण्याहून आणि बेळगाव-सोलापूरकडून बंगळूरला येऊन स्थायिक झालेले मराठी श्रोतेही आहेत. त्यांची तिकिटे, फिती, छायाचित्रे आणि आठवणी अजून हाताशी आहेत. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, वारकरी स्त्रियांबरोबर जेवल्या आणि मग त्यांनी लिहिले. मराठीतील धर्म आणि समाज यांच्या अभ्यासकांनी बंगळूरच्या मैदानावरच्या या दिंडीबरोबरही तसेच चालावे, तिच्यातला बंधुभाव आणि तिच्यातली कुंपणे दोन्ही डोळ्यांनी पाहावी, आणि ते मराठीत लिहून ठेवावे.